लाखामागे एकनाथ

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीत ह्यूस्टनजवळ शुगर लँडला सबनीसांच्या घरी वीस-बावीस माणसं फराळाला जमली होती. चकल्या संपल्या, चहा झाला, आणि पुरुषमंडळींची गाडी नेहमीच्या फाट्यावर वळली. कुणाचं गाव चांगलं? बर्फ कुणाकडे, उकाडा कुणाकडे, घरांच्या किमती कुणाच्या पडल्या, हे सगळं उगाळून झालं आणि शेवटी विषय खुनांवर आला.

डेट्रॉईटहून पाहुणे म्हणून आलेले बाळ टिपणीस सोफ्यावर मांडी ठोकून बसले होते. मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, आवाज खणखणीत. "आमच्याकडे लाखामागे साठ माणसं मारली जातात वर्षाला. साठ! तुम्ही ह्यूस्टनवाले कसले घाबरता?" हे सांगताना त्यांच्या आवाजात चक्क ऐट होती. आमच्या विहिरीला पाणी जास्त, असं सांगावं तशी.

नरेंद्र सबनीस हसला. हा विषय त्याच्या घरचाच. तेलाचे भाव कोसळले तेव्हा त्याची तेल कंपनीतली नोकरी गेली. बरेच महिने घरी काढल्यावर त्याला व्यापाऱ्यांच्या एका संस्थेत काम मिळालं. बायू प्रोग्रेस कौन्सिल तिचं नाव. मंदीनं ओस पडत चाललेल्या ह्यूस्टनकडे बाहेरच्या कंपन्या ओढून आणायच्या, हा तिचा उद्योग. आणि त्या कंपन्यांपुढे ठेवायला इतर शहरांच्या शेजारी आपल्या शहराचे आकडे मांडायचे, हा नरेंद्रचा. खोटं तो लिहीत नसे. खरंच असेल त्यातलं बरं दिसणारं निवडून पुढे करायचं, एवढंच.

"पाच-सहा वर्षांपूर्वी आपण चाळिशीला टेकलो होतो," तो म्हणाला. "आता विशीच्या आसपास. डॅलस आपल्या वर गेलंय, डॅलस! एके काळी तेच आपल्याला नाकं मुरडायचे."

"म्हणजे यंदा दिवाळी डबल," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

नरेंद्रची बायको प्रतिमा कपांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही. "आणि ज्यांना गोळी लागली पण मेले नाहीत, ते कुणाच्या खात्यात धरता?" तिनं विचारलं.

"प्रतिमा, होमिसाइड म्हणजे मेलेले," नरेंद्र समजावणीच्या सुरात म्हणाला. "कम्पेअर करायचं तर व्याख्या एक हवी ना? मेलेला माणूस सगळीकडे सारखाच मोजतात. जखमींचं तसं नाही. कुठे कसे लिहितात, कुठे लिहीतच नाहीत."

"मोजायची सोय नाही म्हणून झालंच नाही म्हणायचं?"

"अहो वहिनी," बाळ टिपणीस मध्ये पडले, "वाचले ते वाचले. त्यांचं नशीब थोर."

प्रतिमानं ट्रे असा ठेवला की एका कपाचा कान उडाला. "बाळासाहेब, सोमवारी चला माझ्या वॉर्डात. वाचणं म्हणजे काय असतं ते दाखवते."

मग एका काकूंनी लाडवाचा डबा पुढे केला आणि विषय बदलला. पण प्रतिमाचं तोंड पाहुणे जाईपर्यंत लाल होतं.

प्रतिमा मूळची नागपूरची. तिथे फिजिओथेरपी शिकून ती लग्नानंतर इकडे आली आणि शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठीचा कणा मोडलेल्यांच्या वॉर्डात लागली. सुरुवातीला तिच्याकडे यायचे ते मोटारीच्या अपघातातले, तेलविहिरीच्या मचाणावरून पडलेले, पोहायच्या तलावात उथळ पाण्यात सूर मारलेले. हळूहळू पलंग तेच राहिले आणि माणसं बदलली. आता निम्म्या पलंगांवर गोळी लागलेले असत. जखमींना आणणारी हेलिकॉप्टरं आली होती, सर्जनांचे हात तयार झाले होते; पूर्वी जो रस्त्यातच गेला असता तो आता प्रतिमापाशी येत होता. पोरगेलेसे, कमरेखाली लाकूड झालेले. शहराचा आकडा खाली आला त्यात पोलिसांचा वाटा किती आणि सर्जनांचा किती, हे कुणी विचारत नव्हतं. तिला ते दिसत होतं, कारण त्या खाली आलेल्या आकड्याला रोज सकाळी कुशीवर वळवायचं काम तिचं होतं.

त्यातलाच एक एकनाथ कंधारे.

एकनाथ नांदेडचा. वडील लहानपणीच गेले. आई सुमित्राबाई प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका, थोरला भाऊ प्रताप तिथेच औषधांच्या दुकानात. एकनाथ औरंगाबादला इंजिनियर झाला आणि पुढं शिकायला ह्यूस्टनला आला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो किराणा घेऊन दुकानाबाहेर पार्किंगमध्ये आला, तेव्हा एकानं त्याच्यापुढे पिस्तूल धरून गाडीच्या किल्ल्या मागितल्या. एकनाथनं किल्ल्या दिल्या. दिल्या, वर मुकाट्यानं पाठ फिरवली. त्या पाठीतच त्यानं गोळी घातली. गाडी दुसऱ्या दिवशी चार गल्ल्या पलीकडे सापडली, टाकीतलं पेट्रोलसुद्धा तसंच.

पहिल्यांदा प्रतिमा त्याच्या पलंगाशी गेली आणि नाव वाचून मराठीत बोलली, तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला. "ताई, तुम्ही मराठी?" म्हणाला, आणि लगेच, "मग मला खरं सांगा. हे लोक फार गोड बोलतात. मी चालणार का?"

"नाही," प्रतिमा म्हणाली. ती कधी असं थेट सांगत नसे. पण त्या प्रश्नाला तिला दुसरं उत्तर देववेना.

त्यानं मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाला, "चला, काय शिकवायचं ते शिकवा."

खांद्यांच्या जोरावर पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकायला तो शिकला. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळानं हातांवर अंग उचलायचं, नाहीतर बसल्या जागी कातडी सडते आणि कमरेखाली कळ नसल्यामुळे कळतही नाही, हे तिनं त्याच्या डोक्यात अगदी घोटवलं. नांदेडला त्यानं मोटार अपघात झाला असं कळवलं. "आई शाळेत रोज पोरांना सांगते, चांगलं वागलं की चांगलं होतं," तो म्हणायचा. "मी किल्ल्या दिल्या तरी त्यानं मारलं, हे तिला कसं सांगू?" प्रताप एकट्याला खरं ठाऊक होतं. प्रतिमाला ते पटलं नाही, पण आई त्याची होती. ती गप्प राहिली.

मराठी मंडळातले लोक त्याला बघायला यायचे. केळी, द्राक्षं, जुने दिवाळी अंक घेऊन यायचे आणि निघताना न चुकता म्हणायचे, "वाचलास बाबा, देवाची कृपा." प्रतिमाला दर वेळी तिडीक जायची. एकनाथ हसून म्हणायचा, "ताई, जाऊ द्या. त्यांना दुसरं काय सुचणार?"

पुढं विद्यार्थ्यांच्या विम्यानं हात वर केले. तो अजून तयार झालेला नसतानाच त्याला वॉर्डातून घरी सोडलं. घर म्हणजे युनिव्हर्सिटीजवळचा एक अपार्टमेंट, दाराला दोन पायऱ्या. मित्र होते तोवर उचलून आत-बाहेर करायचे. नसले की तो आत. तरी त्यानं थीसिस सोडला नाही.

त्या सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर महिन्याभरानं नरेंद्रच्या कौन्सिलचं मोठं लंच होतं. बाहेरगावच्या कंपन्यांचे बडे लोक येणार होते. कौन्सिलचे प्रमुख मिस्टर क्लेटन यांना आकड्यांबरोबर एखादा जिवंत माणूस हवा होता, आणि बोलता बोलता नरेंद्रच्या तोंडून एकनाथचं नाव निघालं.

"तू त्याला तिथे नेणार?" प्रतिमा संतापली. "शोभेला?"

"त्याला विचारलंय मी. तो हो म्हणाला."

तिनं एकनाथला फोन केला. "ताई, ते माझ्या दाराला उतार करून देणारेत," तो शांतपणे म्हणाला. "लाकडाचा पक्का रॅम्प. चार वाक्यं बोलायची, एवढंच. तुम्हाला राग येतो ते मला कळतं. पण तुमच्या रागानं माझी पायरी उतरत नाही."

लंचला तीच त्याला घेऊन गेली.

हॉटेलच्या त्या हॉलमध्ये व्यासपीठ होतं आणि व्यासपीठाला पायऱ्या होत्या. उतार कुणालाच सुचला नव्हता. त्याला उचलायला आयोजकांनी चार वेटर बोलावले. एकनाथ म्हणाला, "नको, मी खालीच बरा." मग त्याची खुर्ची व्यासपीठाच्या कडेला, गोडाच्या ट्रॉलीशेजारी लावली. वर नरेंद्र पडद्यावर शहरांचे स्तंभ दाखवत होता: डेट्रॉईट उंचच उंच, डॅलस त्याच्या निम्म्याला, आणि ह्यूस्टन वर्षागणिक खुजं होत आलेलं. टाळ्या पडल्या. मग मिस्टर क्लेटन माईकवर आले आणि म्हणाले, "आमचं शहर पुन्हा पायांवर उभं राहिलं आहे. या तरुणासारखं."

सगळ्यांनी वळून खाली बघितलं. एकनाथनं ठरलेली चार वाक्यं म्हटली. डॉक्टरांचे आभार, शहराचे आभार. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अख्ख्या हॉलमध्ये तेवढा एकटा बसलेला. प्रतिमाला वाटलं, त्याच्या खुर्चीची पाय ठेवायची पट्टीच उचलून भिरकावावी.

एकनाथला घरी सोडून परतताना गाडीत तिनं नरेंद्रला फैलावर घेतलं. "पायांवर उभा! तुला वर बसून ऐकू आलं ना?"

"आलं," नरेंद्र म्हणाला.

उतार मात्र झाला नाही. आधी सुतार मिळेना, मग घरमालकाची परवानगी येईना, मग नाताळच्या सुट्ट्या. नरेंद्रनं ऑफिसात तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा सेक्रेटरीनं सांगितलं, ते काम आता दुसऱ्या कमिटीकडे गेलंय.

जानेवारीत एकनाथला ताप भरला. मित्र सुट्टीत गावोगावी पांगलेले. थीसिसच्या नादात तो दिवसच्या दिवस खुर्चीत बसून राहिला होता, आणि बैठकीखाली जखम होऊन पार हाडाला भिडली होती. त्याला दुखलं नाही; कळणार कसं? अँब्युलन्समधून तो आला तेव्हा विष रक्तात भिनलेलं होतं. प्रतिमा वरच्या मजल्यावरच्या आयसीयूत दुपारी, संध्याकाळी जाऊन बसायची. एकदा शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, "ताई, मी अंग उचलायचं विसरलो." जणू परीक्षेत चुकलेलं उत्तर बाईंना सांगावं. चौथ्या दिवशी तो गेला.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं: रक्तातला संसर्ग. प्रकार, नैसर्गिक.

प्रतिमानं ते वाचून दाखवलं तेव्हा नरेंद्र जेवणाच्या टेबलाशी बसला होता. त्यानं तो शब्द तिला पुन्हा वाचायला लावला.

"नैसर्गिक कसा?" तो म्हणाला. "गोळी नसती तर जखम नव्हती. जखम नसती तर ताप नव्हता. माणूस आज मेला काय किंवा दोन वर्षांनी मेला काय, दुसऱ्याच्या हातानं मेला तर तो खूनच. व्याख्येतच आहे हे."

"तुझ्याच व्याख्येत."

"हो, माझ्याच," तो म्हणाला. आणि लग्नाला चौदा वर्षं झालेल्या प्रतिमानं नवऱ्याला पहिल्यांदाच मूठ आपटताना पाहिलं. "दिवाळीत काय म्हणालो मी? मेलेला माणूस सगळीकडे सारखाच मोजतात. मग मोजा ना! आता तरी मोजा!"

दुसऱ्याच दिवशी तो काउंटीच्या त्या कचेरीत गेला जिथे संशयास्पद मृत्यूंचा निवाडा होतो. तिथला एक मध्यमवयीन डॉक्टर उद्धट नव्हता, पण दमलेला होता. म्हणाला, "गोळी जुनी आहे. हॉस्पिटलनं आम्हाला कळवलंच नाही. आता फाइल उघडायची तर जवळच्या नातेवाइकाची लेखी मागणी द्या. तुम्ही कोण?"

"ओळखीचा," नरेंद्र म्हणाला.

"ओळखीच्यांना हे का हवं असतं, मला कळत नाही. माणूस गेला. शब्द बदलून काय होणार?"

नरेंद्रनं घरी येऊन हे सांगितलं. "लेखी मागणी म्हणजे त्याच्या आईची," तो म्हणाला. आईला तर अपघात सांगितलेला होता.

प्रतिमानं आधी प्रतापला गाठलं. नांदेडला त्यांच्या घरी फोन नव्हता. गल्लीतल्या डॉक्टरांकडे लावायचा आणि ते माणूस पाठवून बोलावणार. प्रतापचा आवाज चिरका येत होता. "ताई, हात जोडतो. आई कशीबशी उभी आहे. अपघातानं गेला म्हणून रडते, पण रडते तरी. खून म्हटलं तर ती वेडी होईल. आणि खून लिहून मिळणार काय? तो सापडणार आहे का?"

"नाही सापडणार बहुतेक."

"मग?"

"मग काय? मेला तो आपोआपच, असं लिहायचं?" प्रतिमाचा आवाज चढला. "त्या माणसानं त्याला मारला, प्रतापराव. या गावात तो आकडा खाली आला म्हणून पेढे वाटतात. त्या आकड्यात तुमचा भाऊ नाही. कुठेच नाही."

पलीकडे खरखर झाली, फोन कुणीतरी हातातून घेतला. "कोण बोलतंय?" एका बाईचा आवाज. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला.

सुमित्राबाई प्रतापच्या पाठोपाठ आल्या होत्या. अमेरिकेचा फोन म्हटल्यावर कोणती आई घरी बसेल?

"मी प्रतिमा सबनीस. एकनाथच्या हॉस्पिटलमधली."

"काय म्हणाला हा, खून? कुणाचा खून?"

आता खोटं बोलणं प्रतिमाच्यानं होईना. तिनं सांगितलं. किल्ल्या, पाठ, गोळी, सगळं. मध्ये कुठेही त्या बाईंनी हुंदका दिला नाही.

"दीड वर्ष," सुमित्राबाई म्हणाल्या. "दीड वर्ष मी त्याला पत्रात लिहीत होते, गाडी जपून चालवायला हवी होतीस. आणि तुम्ही सगळे वाचत होता."

"बाई, त्याचीच इच्छा होती की..."

"त्याची असेल. तो लेकरू होता. तुम्ही तर मोठ्या होता ना? माझं लेकरू मारलं, हे मला कळायचा हक्क नव्हता का? त्या मारणाऱ्याला कळलं, पोलिसांना कळलं, तुमच्या गावाला कळलं. मलाच नाही." त्यांचा आवाज फुटला आणि लगेच सावरला. "काय लिहून पाहिजे तुम्हाला?"

"तुमची मागणी. इंग्रजीत मी मसुदा पाठवते, तुम्ही फक्त सही..."

"मसुदा कशाला? मला लिहिता येतं. मराठीत लिहीन, तुम्ही भाषांतर करून द्या. माझ्या मुलाला ज्यानं मारलं त्याचं नाव तुमच्या सरकारला माहीत नसेल तर नसो. मारलं, एवढं तरी लिहा म्हणावं."

फोन ठेवल्यावर नरेंद्रनं पाणी आणून दिलं. "चिडल्या?" त्यानं विचारलं.

"माझ्यावर. बरोबर चिडल्या," ती म्हणाली.

अर्ज आला तो वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नसलेला. प्रतिमानं भाषांतर केलं, नरेंद्रनं दाखल केलं आणि मग हेलपाटे सुरू झाले. जुने एक्स-रे एका इमारतीत, पोलिसांचा पहिला रिपोर्ट दुसरीकडे. हॉस्पिटलनं आधी कागद देता येत नाहीत म्हणून सांगितलं. प्रतिमानं आपल्याच सुपरवायझरच्या टेबलाशी उभं राहून ते काढून घेतले. "तुझी इथली इतकी वर्षं, प्रतिमा," सुपरवायझर बाई म्हणाल्या, "कशाला वाईटपणा घेतेस?" ती म्हणाली, "वाईटपणा माझ्याआधीच कुणीतरी घेऊन ठेवलाय. मी फक्त तो लिहायला सांगतेय."

ही बातमी क्लेटनसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी नरेंद्रला आत बोलावलं. दार लावून घेतलं, पण आवाज गोडच ठेवला.

"नॅरेन, ज्या मुलाचा लंचमधला फोटो आपल्या माहितीपत्रकावर आहे, तो खुनात मोजावा म्हणून तू काउंटीच्या दारात उभा राहतोस?"

"हो."

"तू कुठल्या बाजूनं ओढतोयस ते तुला कळतंय का? तुझं काम आकडा खाली दाखवणं आहे."

"माझं काम आकडा बरोबर दाखवणं आहे, सर. आणि तुमच्या माहितीपत्रकावरचा मुलगा मेला. ज्या उतारासाठी तो तुमच्या लंचला आला तो उतार झाला नाही."

क्लेटनसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "ते फार दुर्दैवी आहे," ते म्हणाले. दुर्दैव हा शब्द त्यांनी असा वापरला, जणू तो पावसासारखा कुठूनतरी पडला होता. त्या महिन्याच्या अखेरीस नरेंद्रच्या कामाची मुदत संपत होती. ती वाढवली गेली नाही. नवं माहितीपत्रक छापून आलं तेव्हा फोटोच्या जागी कारंजं होतं.

जूनमध्ये काउंटीनं निवाडा बदलला. पाठीतल्या गोळीच्या जखमेचे दूरगामी परिणाम, प्रकार, होमिसाइड. तो दमलेला डॉक्टर कागद देताना म्हणाला, "तुमचं बरोबर होतं. पण मला वर्षाला अशी शंभर माणसं शोधायला कुणी ठेवलेलं नाही." नरेंद्र घरी आला, टेबलाशी बसला, सवयीनं एका कागदावर गणित केलं आणि मग हसायला लागला. ते हसू प्रतिमाला आवडलं नाही.

"काय झालं?"

"एकानं काही हलत नाही. सतरा लाखांचं गाव. लाखामागे काढलं तर पॉइंटनंतरच्या दुसऱ्या आकड्याला थोडासा धक्का लागतो, आणि छापताना पॉइंटच्या पुढचं सोडूनच देतात." त्यानं कागद चुरगळला. "प्रतिमा, एवढं करून आपण त्याला राउंडिंगमध्ये घातला."

"त्याच्या आईला कळव," ती म्हणाली. "तिला पॉइंट नको आहेत."

नांदेडला फोन लागला. सुमित्राबाईंनी इंग्रजीतलं वाक्य शब्दशः वाचून घेतलं, एकेक शब्दाचा अर्थ विचारला, आणि "लिहिलं एकदाचं," एवढंच म्हणाल्या. प्रतिमाशी त्या नंतरही कधी मोकळेपणानं बोलल्या नाहीत. प्रतिमानंही तशी अपेक्षा ठेवली नाही. नरेंद्रला पुढे एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवायचं काम मिळालं.

आणि सप्टेंबरात, दुपारच्या सेशनच्या मध्येच, वॉर्डात टाय लावलेला एक उंच माणूस येऊन उभा राहिला. पोलीस खात्यातला डिटेक्टिव्ह. खून म्हणून नोंद झाल्यावर फाइल त्याच्या टेबलावर आली होती.

"मृत व्यक्तीनं हल्लेखोराचं काही वर्णन केलं होतं का, मॅडम?" त्यानं वही उघडून विचारलं.

प्रतिमा त्याच्याकडे बघतच राहिली. "वर्णन? त्यानं त्या माणसाचा चेहरा हातभर अंतरावरून बघितला होता. भुवईवरचा व्रण, पुढचा तुटलेला दात, निळी कॅप. मला सांगितलं, नर्सना सांगितलं, फरशी पुसणाऱ्या बाईला सांगितलं. तुमचा एक पोलीस पहिल्या आठवड्यात आला, तेव्हा एकनाथच्या घशात नळी होती. परत येतो म्हणून गेला. दीड वर्ष एकनाथ जिवंत होता. सगळं आठवत होतं त्याला. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तेव्हा ते रॉबरीकडे, लुटमारीच्या शाखेकडे होतं, मॅडम. जखमी असताना केस आमच्याकडे येत नाही."

"म्हणजे तुमची भेट हवी तर आधी मरावं लागतं?"

त्यानं मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. कानापर्यंत लाल झाला. पण प्रतिमाला त्याची कीव आली नाही. तिनं त्याची बाही धरली आणि त्याला पलंगांच्या रांगेपुढे उभं केलं.

"तो तिकडे खिडकीशी आहे ना, त्याला मार्चमध्ये बसस्टॉपवर गोळी लागली. मारणारा त्याला ठाऊक आहे, नावानिशी. त्याच्या शेजारचा, त्याला विचारायला अजून कुणी आलं नाही. तो कोपऱ्यातला एकोणीस वर्षांचा आहे. सगळ्यांना बोलता येतं, सगळ्यांना आठवतं. बसा त्यांच्यापाशी. लिहा."

डिटेक्टिव्हनं रांगेवर नजर फिरवली. वही मिटली नाही, पण लेखणीही टेकवली नाही. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "मी होमिसाइडचा माणूस आहे."

"दिसतंय," प्रतिमा म्हणाली.

तो घुटमळला. मग खिडकीजवळच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला आणि पाचेक मिनिटं काहीतरी लिहून घेतलं. ते लिहिलेलं पुढे कुठे गेलं, प्रतिमाला कधी कळलं नाही. एकनाथचा मारेकरीही सापडला नाही. त्या दिवशी मात्र डिटेक्टिव्ह गेल्यावर ती कोपऱ्यातल्या पोराकडे वळली, त्याला खुर्चीत घ्यायला. तिनं खुर्ची धाडकन पलंगाला भिडवली.

पोरगा म्हणाला, "मॅम, तुम्ही भडकलायत. मला पाडाल."

"पाडणार नाही," ती म्हणाली. तिनं त्याच्या काखेत हात घातले, दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले, आणि त्याला उचललं.